डोळ्यात बघत नाही म्हणजे उद्धट?

खडवलीहून थेरपीसाठी कल्याणला जाताना दिव्यांग डब्यात माझ्या मुलाला ऐकावं लागतं, "दिसतो तर धडधाकट!" शाळेत वेगळंच, "बोलताना डोळ्यात बघत नाही, उद्धट आहे."

अहो, ऑटिझम चेहऱ्यावर कसा दिसणार? नजरेला नजर भिडली की ऑटिझम असलेल्या अनेकांच्या मेंदूतला धोक्याची सूचना देणारा भाग, अमिग्डाला, जास्तच खवळतो, असं संशोधनात आढळलंय. मान खाली घालूनच माझा मुलगा नीट ऐकतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. मग डब्यातल्या जागेसाठी मी रोज पुरावा का द्यायचा? आणि शिक्षकांनो, "माझ्याकडे बघ" म्हणून त्याची हनुवटी वर करणं आधी थांबवा. त्याला चेहरे वाचता येत नाहीत म्हणता, तुम्हाला तरी त्याचा कुठे वाचता येतोय?