वाड्यातील लेकी

महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले. वऱ्हाडातील देशपांड्यांच्या खचत्या वाड्याची ही कथा बहुधा भावाभावांच्या वाटण्यांची म्हणूनच सांगितली जाते. गुरुकुंज मोझरीकडे जाताना एखादा पडका वाडा दिसला की मला मात्र त्यातील दादी, आई, प्रभा आणि रंजू आठवतात. प्रभाला शिकायचे होते. घराण्याच्या प्रतिष्ठेपायी ते अडले. आईच्या शब्दाला त्या घरात वजनच नव्हते. पुढच्या पिढीतील रंजू शिकवणीच्या मास्तरांबरोबर घरातील सोने घेऊन निघून जाते. संस्कार कमी पडले, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण प्रभाचे काय? ती तर आज्ञेत राहिली आणि वाड्यातच सुकली!

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला आश्रम उभारला, पुढे ‘ग्रामगीते’त महिलोन्नतीला स्वतंत्र अध्याय दिला. त्यांची तसबीर आपल्या बैठकीत असते. तरीही लेकीला अमरावतीच्या वसतिगृहात ठेवायचे म्हटले की, पहिला नकार कित्येक घरांत आईच देते. तिलाही कोणी पाठविले नव्हते.