रुंद चाकांची हौस

सुरतेस आमच्या ताईंचे बिऱ्हाड चाळीस वर्षांपासून आहे. गेल्या जूनमध्ये तेथे जाणे झाले, तेव्हा पायांवरचे पाणीही वाळले नव्हते तोच भाचा म्हणाला, "मामा, आधी गाडी पाहा, चहा मागाहून." हिरे घासण्याच्या यंत्रांच्या दुरुस्तीचा त्याचा धंदा बरा चालतो. त्या जोरावर त्याने एका व्यापाऱ्याकडून जुनी पोर्शे ७१८ केमन घेतली. गाडी दोन माणसांची, घरात माणसे पाच. ताईंनी यावर दिलेले मत येथे छापण्याजोगे नाही.

या गाडीचे एंजिन बैठकीच्या पाठीमागे असते. अठरा इंची चाकांवर कारखान्याचे पुढचे टायर २३५ मिलिमीटर रुंद, मागचे २६५. भाच्याला ही तफावत खटकत होती. वेगात वळण घेताना गाडीचे नाक बाहेरच्या अंगाला सरकू पाहते, ही त्याची तक्रार. एका गॅरेजवाल्याने ती ऐकून पुढे २५५ चे टायर आणि त्यांना पेलतील अशा रुंद रिम बसवून दिल्या. मूळची दोन चाके मात्र स्वतःकडे ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी आम्ही डुमस रस्त्याने पिपलोदच्या पुढे गेलो. भाच्याचे म्हणणे खोटे नव्हते. स्टिअरिंगला हात लागताच गाडी वळत होती, आणि आमच्यासारख्या स्कूटरवर आयुष्य काढलेल्या माणसालाही त्यातली गोडी कळली.

मग कारखान्याला हे सुचले नसेल काय? सुचले होते. वळणावर टायरांची पकड संपते तेव्हा पुढची आधी सुटावी की मागची, हे आखणी करणाऱ्याला ठरवावे लागते. पुढची आधी सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते. घाबरलेला माणूस पाय उचलतो, भार पुढच्या चाकांवर येतो आणि ती पुन्हा रस्ता धरतात. मागची आधी सुटली तर तोच उचललेला पाय घात करतो, कारण मागचा भार आणखी हलका होऊन शेपूट फिरते. म्हणून पुढे जाणूनबुजून कमी रबर देतात. जनरल मोटर्सची कॉर्व्हेर ही मागे एंजिन असलेली गाडी १९६० च्या सुमारास अमेरिकेत आली. तिच्या पुढच्या टायरांत १५ पौंड आणि मागच्यांत २६ पौंड हवा भरावी, अशी कंपनीची सूचना होती. पुढची पकड मुद्दाम ढिली राहावी एवढ्यासाठीच. अनेक मालक चारही चाकांत सारखी हवा भरीत. राल्फ नेडर यांनी १९६५ साली पुस्तक लिहून या गाडीवर जे कोरडे ओढले, त्यांत हेही प्रकरण होते. भाच्याने हवेऐवजी रुंदी वाढवली, एवढाच फरक.

रुंद टायर म्हणजे रस्त्याला टेकणारे रबर त्याच मानाने जास्त, हाही एक समज आहे. टेकणारे क्षेत्र मुख्यतः वरचा भार आणि आतली हवा यांवर ठरते. ही दोन्ही तीच राहिली तर तो ठसा रुंद होतो आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या वळणावर याचा लाभ मिळतो. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायरला अधिक पाणी बाजूस सारावे लागते आणि तो लवकर तरंगू लागतो. सुरतेचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगणे नको.

चौथ्या दिवशी पाऊस आला. विमानतळाकडच्या एका वळणावर पाणी दिसताच भाच्याने पाय उचलला. शेपूट डावीकडून पुढे येऊ लागली. घसरण सावरणाऱ्या यंत्रणेचा पिवळा दिवा लुकलुकला, तिने आपले काम केले, आणि गाडी दोन पट्ट्यांवर आडवी उभी राहिली. मागून येणारा टेम्पो वेळेवर थांबला. पाच मिनिटे आम्ही दोघेही बोललो नाही.

ती यंत्रणा चारही चाकांच्या फिरण्याची तुलना करते. मूळचा टायर २३५/४५ मापाचा, नवा २५५/४०. म्हणजे चाकाचा व्यास जवळजवळ ८ मिलिमीटरने घटला, आणि ज्या प्रमाणावर तिचे गणित बसवलेले, तेच बदलले. हे गॅरेजात कोणी बोलले नव्हते. विमा कंपनीलाही कळवले नव्हते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असल्या फेरफारांविषयीच आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावला आहे.

ताईंना आम्ही काही सांगितले नाही. परंतु भिजून आलेल्या मुलाचा चेहरा आईला वाचता येतो. "सून पण त्याच खुर्चीवर बसते ना रे?" एवढेच त्या म्हणाल्या.

मूळची चाके गॅरेजवाल्याने एव्हाना विकली होती. तशीच दुसरी मिळायला सहा आठवडे लागले. तोवर गाडी झाकून ठेवली होती. रुंद चाके आता ताईंच्या गॅलरीत आहेत आणि त्यांना अद्याप गिऱ्हाईक मिळालेले नाही.