पाथ स्क्रिप्टच्या मजकुरात जोडू नका

होस्ट प्रोग्रॅम सी किंवा सी++मध्ये, त्याच्या पोटात लुआ नाहीतर पायथनचा इंटरप्रिटर आणि स्क्रिप्टच्या मजकुरात जोडलेला विंडोजचा फाइल पाथ. अशा ठिकाणी बॅकस्लॅश किती द्यायचे, हे आपल्याकडे अजूनही अंदाजाने ठरते. चाचणी पास झाली की प्रश्न मिटला, असे धरले जाते. तो मिटलेला नसतो.

पाथ सीच्या सोर्समध्येच लिहिला असेल, तर कंपायलर निम्मे बॅकस्लॅश खातो आणि उरलेल्यांतले निम्मे इंटरप्रिटर. म्हणून एका बॅकस्लॅशसाठी चार लिहावे लागतात; नेटवर्क शेअरच्या सुरुवातीच्या दोनांसाठी आठ. तोच पाथ वापरकर्त्याने डायलॉगमधून निवडला आणि आपण तो चालू प्रोग्रॅममध्ये स्क्रिप्टच्या मजकुरात घातला, तर कंपायलरचा संबंधच उरत नाही. आता दोन पुरतात, पण ते दोन करणारे कोणी नसते. डेव्हलपरच्या मशीनवर चाललेला कोड ग्राहकाकडे कोसळतो तो इथे.

पायथन अनोळखी एस्केप तसाच ठेवतो, त्यामुळे ‘डेटा’ नावाचा फोल्डर उघडतो. पण रोमन छोट्या अक्षरांत ‘टेम्प’, ‘न्यू’, ‘रिपोर्ट्स’, ‘बॅकअप’ आले, की पाथमध्ये टॅब, नवी ओळ, कॅरेज रिटर्न आणि बॅकस्पेस शिरतात. 2023च्या 3.12 आवृत्तीपासून अनोळखी एस्केपवर ठळक वॉर्निंग येते. या चारांवर ती येत नाही, कारण ते वैध आहेत. लुआ 5.1 अनोळखी एस्केपमधला बॅकस्लॅश गुपचूप गिळत असे. 5.2पासून सरळ एरर येते, आणि तेच योग्य आहे.

रॉ स्ट्रिंगने काम भागते, पण पुरते नाही. पायथनची रॉ स्ट्रिंग एकट्या बॅकस्लॅशवर संपू शकत नाही. विंडोजचे बहुतेक फाइल एपीआय फॉरवर्ड स्लॅश स्वीकारतात. तरी गोव्यातल्या एखाद्या ऑफिसात ‘डी'सोझा’ नावाचा फोल्डर असला, की त्या अपॉस्ट्रॉफीपाशी एकेरी अवतरणातली स्ट्रिंग बंद होते आणि पुढचे नाव कोड म्हणून वाचले जाते. ही निव्वळ गैरसोय नव्हे, सुरक्षेतले भगदाड आहे.

पाथ हा डेटा आहे. तो डेटा म्हणूनच पाठवा. लुआमध्ये स्टॅकवर स्ट्रिंग पुश करून ग्लोबल सेट करा. पायथनमध्ये युनिकोड ऑब्जेक्ट बनवून फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून द्या. एस्केप मोजण्याची वेळच येत नाही. या महिन्यात आपला कोड उघडा, स्क्रिप्टच्या मजकुरात पाथ जोडणारी प्रत्येक ओळ शोधा आणि काढून टाका. नव्या कोडमध्ये ती दिसली, तर रिव्ह्यूमध्येच परत पाठवा.