जीटी आणि गालिचा

फर्स्ट इयरला मी ड्रॉइंगच्या सगळ्या शीट्स जीटी मारल्या. काचेखाली ट्यूबलाइट, वर मैत्रिणीची शीट, तिच्यावर माझी. होस्टेलवाल्यांना जास्त सांगायला नकोच! मार्क्स मिळाले. पण आज थर्ड इयरला कोणी साधा आयसोमेट्रिक व्ह्यू काढायला सांगितला, तर घाम फुटतो.

हे आठवलं ते लायब्ररीत जुन्या इराणी गालिच्यांवरचं एक पुस्तक चाळताना. काशान, इस्फहानच्या शहरी कारखान्यांत विणताना समोर चौकटीच्या कागदावर काढलेला नकाशा असतो. फार्स प्रांतातल्या कश्काई या भटक्या जमातीच्या बायका मात्र कागदाशिवाय विणतात. माग जमिनीवर आडवा, डिझाइन डोक्यात. आईनं मुलीला शेजारी बसवून शिकवायचं, बस्स. फार्सच्या या विणकामाला युनेस्कोनं २०१० साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

या गालिच्यांत 'चुका' भरपूर. एकाच लाल भागात मध्येच छटा बदलते, तिला 'अबरश' म्हणतात. झाडांच्या मुळांपासून केलेला रंग. एका वेळी रंगवलेली लोकर संपली की पुढची तंतोतंत तशी कशी येणार? कडा वाकड्या, कारण तळ हलला की अर्धा गालिचा गुंडाळून न्यायचा आणि नव्या जागी पुन्हा ताणायचा. पक्षी, शेळ्या सगळे कोनदार, कारण गोलाई काढायला बारीक आणि दाट गाठी लागतात. शेवटी पिक्सेलचाच हिशोब!

काही जण सांगतात, परिपूर्ण फक्त देव, म्हणून विणणारी मुद्दाम एक चूक ठेवते. गोष्ट गोड आहे, पण मला पटत नाही. प्रत्येक वाकडेपणाला कामातलंच कारण सापडतं. ते न बघता नुसती श्रद्धा बघायची, म्हणजे त्या बाईला डोकं होतं हेच नाकारायचं.

कोणी म्हणेल, टॉलरन्स न पाळता इंजिन चालेल का? नाही चालणार. पिस्टनला अबरश परवडत नाही, हे मलाही कळतं. माझा मुद्दा वेगळा आहे. तिच्याकडे ड्रॉइंग नव्हतं, तरी काम येत होतं. माझ्याकडे ड्रॉइंग आहे, काम येत नाही.

जुन्या गालिच्यांना आज मोठी किंमत येते. जमातीचं नाव सांगतात, विणणारीचं बहुतेक वेळा कोणालाच माहीत नसतं. काम तिचं, नाव नाही. माझ्या शीटवर नाव माझं, काम मैत्रिणीचं.

ज्युनिअर्स, निदान एक शीट स्वतः काढा. वाकडी आली तरी चालेल.