परक्याचें वकीलपत्र

'शत्रूच्या माणसाची वकिली कसली करावयाची?' हें वाक्य आम्हीं सभांतून ऐकलें आहे, आगगाडीच्या डब्यांत ऐकलें आहे, आणि ज्यांनीं काळा डगला अंगावर चढविला आहे अशांच्या तोंडूनहि ऐकलें आहे. २००८ च्या नोव्हेंबरांतील मुंबईवरील हल्ल्यानंतर कसाबचें वकीलपत्र कोणीं घेऊं नये, असा ठराव शहरांतील वकिलांच्या एका संघटनेनें केला होता. त्या दिवसांतला क्षोभ आम्हांसहि ठाऊक आहे. त्याची टवाळी आम्ही करणार नाहीं. परंतु पुढें काय झालें? त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याची बाजू मांडली गेली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं त्याला फांशीहि झाली. वकील दिल्यानें न्याय बुडाला नाहीं; उलट तो निकाल जगापुढें ताठ मानेनें ठेवतां आला. दरम्यान २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या एका प्रकरणांत असले बहिष्काराचे ठराव निरर्थक ठरविले. म्हणजे वादाचा निकाल केव्हांच लागला आहे. पालटावयाचें राहिलें आहे तें केवळ आमचें मन.

आणि या वृत्तीचा खरा बळी कसाब नव्हेच. तो आहे कच्छच्या खाडींत पकडला जाणारा कोळी. सर खाडी सुमारें ९६ किलोमीटर लांबीची. तिच्यांतून दोन देशांची सीमा नेमकी कोठून जाते, यावर दोन सरकारांचें अद्याप एकमत झालेलें नाहीं. जी रेघ मुत्सद्द्यांना नकाशावर काढतां आली नाहीं, ती सिंधमधील एका कोळ्यानें रात्रीच्या अंधारांत, ओहोटीच्या पाण्यांत, ओळखावी अशी आमची अपेक्षा! ती त्याला ओळखतां आली नाहीं म्हणजे तो गुन्हेगार.

'अशा खटल्यांत वकील करणार तरी काय? बोट आमच्या हद्दींत सांपडली, संपलें!' असें कोणी म्हणेल. संपत नाहीं. परकीय बोटींच्या मासेमारीविषयींचा आमचा १९८१ चा कायदा पाहावा. गुन्हा किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आंत घडला असेल तर तुरुंगवासाची तरतूद आहे. त्यापलीकडील आर्थिक क्षेत्रांत घडला असेल तर शिक्षा दंडाची आहे. आंतरराष्ट्रीय समुद्रकायद्याच्या ७३ व्या कलमाचेंहि तेंच सांगणें आहे कीं, अशा क्षेत्रांतील मासेमारीच्या अपराधास, उभय देशांत वेगळा करार नसल्यास, कैद देऊं नये. तेव्हां बोट नेमकी कोठें होती, तें स्थान कोणीं व कोणत्या यंत्रानें नोंदविलें, या प्रश्नांवर एका माणसाच्या आयुष्याचीं वर्षें अवलंबून असतात. हे प्रश्न ज्याला सही करतां येत नाहीं तो खलाशी विचारणार काय? आणि सरकारी वकील ते आपण होऊन विचारील काय?

आमच्या प्रतिपक्षाकडे दोन कायदेशीर बाण आहेत. पहिला असा कीं, घटनेच्या ३९-अ कलमांत मोफत कायदेशीर साहाय्याची भाषा 'नागरिका'पुरती आहे. शब्द तसा आहे, हें कबूल. पण जीविताचें व स्वातंत्र्याचें रक्षण करणारें २१ वें कलम 'व्यक्ती'विषयीं बोलतें, आणि १९८७ च्या विधिसेवा कायद्याच्या १२ व्या कलमांत कोठडींतील व्यक्तीस साहाय्याचा हक्क आहे; तेथें पारपत्र विचारलेलें नाहीं. दुसरा बाण असा कीं, २२ व्या कलमानें 'शत्रुदेशीय परक्या'ला वकिलाचा हक्क नाकारला आहे. परंतु हा अपवाद लिहावा लागला, यावरूनच इतर परकीयांना तो हक्क आहे हें उघड होतें. आणि केवळ आम्हांस राग आला म्हणून कोणी कायद्याचा शत्रु ठरत नाहीं.

आतां आमच्या घरचीच गोष्ट सांगतों. कुलभूषण जाधव या महाराष्ट्रीयास २०१७ च्या एप्रिलमध्यें पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानें देहान्ताची शिक्षा सुनावली. आमच्या वकिलातीस त्यांची भेट मिळाली नव्हती, आमच्या पसंतीचा वकील देतां आला नव्हता. आम्हीं हेगच्या न्यायालयाचें दार ठोठावलें, आणि १७ जुलै २०१९ रोजीं एकाविरुद्ध पंधरा मतांनीं त्या न्यायालयानें पाकिस्तानला दोषी ठरविलें. हेरगिरीचा आरोप असला तरी हा हक्क बुडत नाहीं, हेंच तेथें आमचें म्हणणें होतें, आणि तें मान्य झालें. हेगमध्यें जें तत्त्व आम्हीं गर्जून सांगितलें, तें भूजच्या न्यायालयांत कुजबुजून तरी सांगणार कीं नाहीं?

शिवाय यांत आमचा स्वार्थहि आहे. १ जानेवारी २०२५ रोजीं उभय देशांनीं कैद्यांच्या याद्या एकमेकांस दिल्या. आमच्या यादींत त्यांचे ३८१ नागरी कैदी व ८१ कोळी होते. त्यांच्या यादींत आमचे ४९ नागरी कैदी व २१७ कोळी. गुजरातच्या बोटींवर पोटासाठीं जाणारे पालघरकडचे खलाशीहि कराचीच्या मलीर तुरुंगांत खितपत पडले आहेत. त्यांच्यासाठीं आम्ही जें मागतों, तें देण्याची आमची तयारी नसेल, तर आमच्या मागणीस वजन तें काय राहील? २००८ च्या करारानें वकिलातीची भेट तीन महिन्यांत द्यावयाची, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्व निश्चित झाल्यावर एका महिन्यांत माणूस परत पाठवावयाचा, असें ठरलें आहे. शिक्षा संपल्यावरहि माणूस तुरुंगांतच राहिला, तर या मुदतींची आठवण न्यायालयास वकिलावांचून कोण देणार?

आमचें मागणें मोठें नाहीं. सीमेवरील जिल्ह्यांतील विधिसेवा प्राधिकरणांनीं अटकेच्या पहिल्याच दिवशीं परकीयास वकील द्यावा. त्याची भाषा जाणणारा दुभाषी द्यावा. आणि शिक्षा भरली त्या दिवसापासून त्याच्या सुटकेचा पाठपुरावा करणारा कोणी जबाबदार माणूस नेमावा. राष्ट्राची हद्द बंदुकीनें राखली जाते, हें आम्हीहि मानतों. पण त्या हद्दीच्या आंत कायद्याचें राज्य आहे, हें पटवून देण्याचें काम बंदुकीचें नव्हे. तें काम परक्याचें वकीलपत्र घेणाऱ्या त्या एकट्या वकिलाचें आहे, आणि त्याला देशद्रोही म्हणणाऱ्यांनीं आपला देश कशासाठीं उभा आहे, याचा एकदां शांतपणें विचार करावा.