टाटांचा शेअर एका रात्रीत ४० टक्के पडला? फोनवर दिसलं ते आणि झालं ते

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. सकाळी दहा वाजून काही मिनिटांनी घाटंजीहून माझ्या मावसभावाचा फोन. "दादा, टाटा मोटर्स बुडाली का? माझे ३० शेअर होते, काल ६६० ला होते, आज ४०० दाखवतंय. लाल झालंय सगळं."

मी काही बोलायच्या आत त्याने १५ शेअर विकूनही टाकले होते.

बुडालं काहीच नव्हतं. त्या दिवशी टाटा मोटर्सची दोन कंपन्यांत वाटणी होत होती. एकीकडे कार आणि जॅग्वार लँड रोव्हर, दुसरीकडे ट्रक आणि बस. ज्याच्याकडे जुना एक शेअर, त्याला ट्रकवाल्या कंपनीचा एक शेअर फुकट मिळणार होता. म्हणून त्या सकाळी ६६० मधून ट्रकची किंमत वजा झाली आणि स्क्रीनवर फक्त कारच्या धंद्याची किंमत उरली. घराची वाटणी झाली, धाकट्याच्या नावचा सातबारा अजून यायचा होता, एवढंच. पण ॲपला वाटणी कळत नाही. त्याला कालचा आकडा आणि आजचा आकडा कळतो, आणि मधला फरक तो लाल रंगात दाखवतो. ट्रकच्या कंपनीची १२ नोव्हेंबरला बाजारात नोंद झाली, एनएसईवर ३३५ रुपयांना. म्हणजे ४०० अधिक ३३५. आता बेरीज करा.

गंमत म्हणजे भावाला विकलेल्या १५ वरचेही ट्रकचे शेअर मिळाले, कारण १३ तारखेला ज्यांच्याकडे शेअर होते ते सगळे हक्कदार होते. नुकसान फार झालं नाही. पण तो महिनाभर झोपला नाही, हे मावशीकडून कळलं.

हे मी एवढं सांगतोय कारण त्याची खरी गडबड ॲपमध्ये नव्हती. "टाटा" म्हणजे एक कंपनी, असं तो धरून चालला होता. घाटंजीच्या मेन रोडवर उभं राहिलं तर टाटाचं मीठ, टाटाची छत्री, टायटनचं घड्याळ, एस टी स्टँडवर टाटाची बस, सगळं एकाच मालकाचं वाटतं. तसं नाही.

वरच्या टोकाला आहे टाटा सन्स. ही होल्डिंग कंपनी. ती स्वतः मीठही विकत नाही आणि ट्रकही बनवत नाही. तिचं काम म्हणजे बाकीच्या कंपन्यांचे शेअर जवळ ठेवणं, त्यांच्याकडून लाभांश घेणं, तो पैसा नव्या धंद्यात घालणं आणि "टाटा" हे नाव वापरू देण्याचे पैसे घेणं. मार्च २०२५ ला समूहाच्या २६ कंपन्या शेअर बाजारात होत्या. प्रत्येकीचा हिशोब वेगळा, कर्ज वेगळं, संचालक वेगळे, तक्रार करायची जागासुद्धा वेगळी.

आणि टाटा सन्सचा वाटा प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. टीसीएसमध्ये जवळपास ७२ टक्के. झुडिओ चालवणाऱ्या ट्रेंटमध्ये ३२ टक्क्यांच्या आसपास. टायटनमध्ये तर सगळ्यात मोठा एकटा भागधारक टाटा नाहीच, तामिळनाडू सरकारची टिडको आहे, सुमारे २८ टक्के. हे मलाही खूप उशिरा कळलं होतं.

मग नावावर विश्वास ठेवून शेअर घेतला तर काय होतं? याचं उत्तर टाटा टेलिसर्व्हिसेस महाराष्ट्र, म्हणजे टीटीएमएल. कॉलेजच्या पोरांचा हा लाडका शेअर. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला पैसे ही पद्धत आणून सगळ्यांना हलवलं होतं. पण तो धंदा तोट्यात गेला, २०१७ मध्ये तो एअरटेलला द्यायचं ठरलं आणि २०१९ ला व्यवहार पूर्ण झाला. मागे राहिलेली कंपनी कर्जबाजारी. तरी जानेवारी २०२२ मध्ये तिचा शेअर २९० रुपयांच्या आसपास पोचला! व्हॉट्सॲपवर एकच वाक्य फिरत होतं की टाटा आहे, बुडणार नाही. २०२५ मध्ये तो शंभराच्या खालीच फिरत होता.

टाटा सन्सने डोकोमोला मात्र पैसे दिले होते, कारण जपानी कंपनीसोबतच्या करारावर टाटा सन्सने स्वतः सही केली होती. बाहेर पडताना किमान अर्धी किंमत मिळेल असं त्यात लिहिलं होतं. २०१६ ला लवादाने सुमारे ११७ कोटी डॉलर द्यायला सांगितले आणि २०१७ मध्ये ते दिले गेले. टीटीएमएलच्या छोट्या भागधारकासोबत असा कुठलाच करार नाही. होल्डिंग कंपनी कागदावर जेवढी बांधलेली असते, तेवढीच ती जबाबदार. बाकी तिची मर्जी.

आता आजचा मोठा प्रश्न. टाटा सन्सचाच शेअर कधी मिळणार?

सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने मोठ्या बिगर-बँक वित्त कंपन्यांची यादी काढली. त्यात टाटा कॅपिटल होती आणि टाटा सन्सही. नियम असा की यादीत आलेल्या कंपनीने तीन वर्षांत, म्हणजे सप्टेंबर २०२५ पर्यंत, शेअर बाजारात यायचं. टाटा कॅपिटल ३२६ रुपयांच्या भावाने सुमारे १५,५०० कोटींचा आयपीओ घेऊन ऑक्टोबरमध्ये आली. टाटा सन्सने वेगळी वाट धरली. मार्च २०२४ मध्ये टीसीएसचे सुमारे ९,३०० कोटींचे शेअर विकले, २० हजार कोटींहून जास्त कर्ज फेडलं आणि रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला की आमची नोंदणीच परत घ्या. कर्ज नाही तर जनतेचा पैसा धोक्यात नाही, असा युक्तिवाद. मुदत गेली, लिस्टिंग झालं नाही.

भांडण कोणाचं ते बघा. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के टाटा ट्रस्टकडे. ते धर्मादाय आहेत आणि लिस्टिंग झालं तर त्यांची पकड सैल होईल. १८ टक्क्यांहून थोडं जास्त शापूरजी पालनजी समूहाकडे. त्यांच्यावर कर्ज आहे, शेअर बाजारात आले तर विकता येतील, म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी लिस्टिंगची मागणी पुन्हा जाहीरपणे केली. पारदर्शकतेच्या बाबतीत मला शापूरजींचं म्हणणं पटतं, हेतू स्वतःचा असला तरी. आपला डेटा, आपलं सामान, आपली कर्जं ज्या समूहाच्या कंपन्या हाताळतात, त्यांच्या वरच्या कंपनीचा हिशोब दर तीन महिन्यांनी लोकांसमोर यावा. टाटा न्यू ॲप चालवणारी टाटा डिजिटलही शेअर बाजारात नाही, ती थेट टाटा सन्सच्या मालकीची आहे. होल्डिंग कंपनी बाजारात असणं काही जगावेगळं नाही. पुण्याची बजाज होल्डिंग्ज आहेच. फिलिपिन्समध्ये १८३४ पासूनची आयाला कॉर्पोरेशन बँक, जमीन आणि ग्लोब मोबाईल यांत हिस्से ठेवते आणि स्वतः लिस्टेडही आहे. मनिलातला पोरगा तिचा एक शेअर घेऊन वार्षिक सभेत प्रश्न विचारू शकतो. घाटंजीच्या पोराला टाटा सन्सबाबत ती सोय नाही.

आपल्या भागाचा यात जुना संबंध आहे, हे जाता जाता. जमशेटजींनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल मुंबई सोडून नागपुरात काढली, कारण कापूस इथेच पिकतो.

परवा भावाचा परत फोन आला. टेलिग्रामवर कोणीतरी "टाटा सन्स प्री-आयपीओ" देतोय, किमान पाच हजार रुपये, यूपीआयवर. मी त्याला एकच गोष्ट सांगितली. टाटा सन्स ही प्रायव्हेट लिमिटेड आहे, २०१७ मध्ये भागधारकांनी तसं ठरवलं. प्रायव्हेट कंपनीला लोकांना शेअर घ्या म्हणून आमंत्रण द्यायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे तो मेसेज कंपनीचा असूच शकत नाही.

"मग कोणाचा आहे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, तो नंबर १९३० वर सांग, ते शोधतील. पाच हजार अजून त्याच्याच खात्यात आहेत.