नव्या गावाच्या पारंब्या

बदलीचा आदेश हाती पडला की घरात आधी शाळेची चौकशी होते, मग भाड्याच्या घराची आणि त्यानंतर सामान नेणाऱ्या ट्रकची. देशभर शाखा असलेल्या बँकेत नोकरी करणाऱ्या कुटुंबांना हा क्रम तोंडपाठ असतो. नव्या गावी महिन्याभरात शाळा सुरू होते, गॅसची जोडणी मिळते, दूधवालाही ठरतो. घर लागले, असे मोठ्यांना वाटू लागते. मूल मात्र संध्याकाळी खिडकीशी बसून जुन्या गल्लीतल्या सवंगड्यांची नावे आठवत असते. त्याचे घर लागले, तरी गाव अजून लागलेले नसते.

अशा वेळी मोठ्यांच्या तोंडून एक वाक्य सहज निघून जाते : ‘तीनच वर्षे तर काढायची आहेत येथे.’ चाळिशीतल्या माणसाला तीन वर्षे थोडी वाटतात. सहा वर्षांच्या मुलाचे ते अर्धे आयुष्य असते. ती केवळ काढायची म्हणून काढली, तर त्याच्या बालपणाचा तेवढा भाग कोराच राहतो. म्हणून नव्या गावातील पहिल्या काही रविवारी मुलांना घेऊन मोकळ्या हवेत बाहेर पडणे ही शाळाप्रवेशाइतकीच निकडीची बाब मानली पाहिजे. वातानुकूलित मॉल नागपूरला आणि कोलकात्याला सारखाच असतो. नदी, मैदान आणि झाडे मात्र ज्या त्या गावाची असतात.

कोलकात्याचेच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या कुटुंबाला प्रथम जाणवतात ती गर्दी आणि हवेतील दमटपणा. तेच कुटुंब एखाद्या सकाळी बाबूघाटावरून हावड्याच्या बोटीत बसले, की शहर निराळे दिसू लागते. हुगळीचे गढूळ, रुंद पात्र, काठावरचे घाट आणि १९४३ मध्ये वाहतुकीस खुला झालेला हावडा पूल हे सारे मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. परतताना हावड्याहून एस्प्लनेडपर्यंत २०२४ मध्ये सुरू झालेली, नदीच्या तळाखालून धावणारी मेट्रो घ्यावी. एकच नदी वरून आणि खालून ओलांडल्याचा आनंद मुलाला आठवडाभर पुरतो, आणि खर्च म्हणाल तर एका चित्रपटाच्या तिकिटाहूनही कमी.

एस्प्लनेडपासून पायी जाण्याच्या अंतरावर मैदानाची विस्तीर्ण हिरवळ आहे. तेथे चेंडू असला की ओळखीची गरज उरत नाही. भाषाही अशाच ठिकाणी भेटते. झाडाला ‘गाछ’ म्हणतात हे मुलाला खेळता खेळता कळते. मराठीत बहुधा पुस्तकातच आढळणारी ‘वृष्टी’ तेथील मुलांच्या तोंडी रोजच्या पावसासाठी असते. झालमुरीचा कागदी पुडा हातात घेऊन शिकलेले हे शब्द सहसा विसरले जात नाहीत.

या शहरात मराठी मुलाला स्वतःच्या इतिहासाची एक अनपेक्षित बाजूही दिसते. बंगाली घरांतील एका जुन्या अंगाईत ‘बर्गी’ येतात. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांतील घोडेस्वार. त्यांच्या भयाने १७४२ मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणण्यास आरंभ झाला होता. खंदक पुढे बुजला; बागबाजारातील ‘मराठा डिच लेन’ या गल्लीच्या नावात त्याची आठवण शिल्लक आहे. त्या गल्लीतून चालताना ही कथा मुलाला सांगायला पालकाला थोडे अवघड वाटेल. तरीही ती सांगावी. इतरांच्या घरात आपली आठवण कशी जपली गेली आहे, हे लहानपणीच कळलेले मूल पुढे कोठेही गेले तरी डोळसपणे वावरते.

यावर आक्षेप ठाऊक आहेत. आठवडाभराच्या श्रमानंतर रविवारी विश्रांती हवी असते. ऊन सोसवत नाही. अनोळखी गावात मुलांना घेऊन हिंडण्याची धास्तीही वाटते. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांवर उपाय आहेत. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघून दहाच्या आत घरी यावे आणि लांबचे बेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी ठेवावेत. शेजारच्या स्थानिक कुटुंबाला सोबत घ्यावे, म्हणजे धास्ती कमी होते आणि मुलाला सवंगडीही मिळतो. मुख्य म्हणजे, यादी हाती घेऊन एका दिवसात पाच ठिकाणे उरकू नयेत. एकाच बागेत चार वेळा जावे. चौथ्या खेपेस मूल मोठ्यांच्या पुढे धावू लागते आणि वाट दाखवू लागते. ते गाव त्याचे होऊ लागल्याची ती खूण होय.

अशी वारंवार जाण्याजोगी जागा म्हणजे हुगळीच्या पश्चिम तीरावरील, शिवपूर येथील वनस्पती उद्यान. १७८७ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाला २००९ पासून आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. तेथील अडीचशेहून अधिक वर्षांचा वटवृक्ष दुरून एखाद्या राईसारखा दिसतो. त्याचा मूळ बुंधा बुरशीने पोखरला गेल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावा लागला. तरीही तो वड आज तीन हजारांहून अधिक पारंब्यांच्या आधारे उभा आहे आणि पसरतोच आहे.

बदलीवर आलेल्या कुटुंबाचेही काहीसे असेच असते. आजीआजोबा, वाडा, जुनी शाळा असा मूळ बुंधा मागे राहिलेला असतो. मुलांच्या पारंब्या नव्या मातीपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना त्या मातीवर मनसोक्त खेळू द्यावे लागते. त्यासाठी पुढच्या रविवारची सकाळ मोकळी ठेवावी. सामानाची उरलेली खोकी सोमवारी उघडली तरी चालतील.